ड्रायरची उष्णता वाचवावी, पण ओली हवा घरात सोडू नये

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या परदेशस्थ वाचकांच्या पानावर थंडीतील बचतीविषयी आलेल्या लेखात, कपडे वाळवण्याच्या ड्रायरची बाहेर जाणारी नळी घरातच वळवून ती उष्णता वापरावी, असा सल्ला दिला आहे. मी कॅनडात राहते आणि हा प्रयोग एका हिवाळ्यात केलेला आहे, म्हणून लिहिणे आवश्यक वाटले.

लेखकाची कळकळ रास्त आहे. येथील नेहमीचा ड्रायर घरातली ऊबदार हवा ओढून घेतो, ती तापवून ओल्या कपड्यांतून फिरवतो आणि सरळ बाहेर टाकतो. मिनिटाला १५० घनफूट हवा धरली, तर तासाभरात ९,००० घनफूट होते. हजार चौरस फुटांच्या घरात एवढी हवा मावतही नाही. तिच्या जागी फटींतून उणे १० अंशांची हवा आत येते आणि ती २० अंशांपर्यंत तापवायला, माझ्या हिशेबाने, सुमारे अडीच युनिटांइतकी उष्णता लागते. हा खर्च घर तापवणाऱ्या भट्टीच्या बिलात जातो, त्यामुळे ड्रायरच्या नावावर तो कोणी मांडत नाही.

मात्र बाहेर पडणाऱ्या हवेतील उष्णतेचा मोठा भाग वाफेत असतो. एक लिटर पाण्याची वाफ करायला सुमारे दोन तृतीयांश युनिट लागते आणि वाफेचे पुन्हा पाणी झाल्याशिवाय ती उष्णता परत मिळत नाही. नळी घरात वळवली की हे पाणी थंड काचांवर आणि कपाटांमागच्या भिंतींवर होते. आम्ही हवा पाण्याच्या डब्यातून सोडणारे तयार साधन बसवले होते. महिन्याभरात तळघराच्या भिंतीवर काळी बुरशी आली, आणि धाग्यांचा बारीक भुसा डब्याला न जुमानता सामानावर बसला. ड्रायर गॅसवर चालणारा असेल, तर त्याच नळीतून कार्बन मोनॉक्साइडही येऊ शकतो. तेथे हा सल्ला जिवावर बेतेल.

नळीवर उष्णता-विनिमयक, म्हणजे हवा न मिसळता पत्र्यांमधून तिची उष्णता घेणारे साधन, बसवण्याची कल्पनाही बरेच जण मांडतात. हवा वाफेचे पाणी होण्याइतकी थंड झाली नाही, तर त्यातून फारसे हाती लागत नाही. झाली, तर ओल्या पत्र्यांवर भुसा चिकटून नळी तुंबते. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने २००८ ते २०१० या काळात घरांतील ड्रायरच्या आगी वर्षाला सुमारे २,९०० नोंदवल्या, आणि त्यांत साफसफाई न करणे हे प्रमुख कारण होते.

हीच उष्णता यंत्राच्या आत परत घेणारा हीट पंप ड्रायर मात्र बाजारात आहे. तो वाफेचे पाणी करून वेगळे काढतो, त्यातून सुटलेली उष्णता त्याच हवेला पुन्हा देतो आणि साधारण निम्म्या विजेत काम करतो. त्याला बाहेर जाणारी नळीच नसते. किंमत जास्त आहे, वेळ दीड-दोन तास लागतो आणि आतली जाळी नियमित साफ करावी लागते, हे खरे. तरीही स्वित्झर्लंडने २०१२ पासून आणि युरोपीय संघाने जुलै २०२५ पासून नव्या ड्रायरसाठी जे निकष लावले, त्यांत प्रत्यक्षात हाच प्रकार बसतो.

ज्यांना लगेच यंत्र बदलणे शक्य नाही, त्यांनी धुलाई यंत्रातील पिळण्याचा वेग वाढवावा, कारण पाणी पिळून काढायला ते वाफ करून उडवण्यापेक्षा कितीतरी कमी वीज लागते. नळी घरात वळवण्याच्या सल्ल्याबाबत आपण त्याच पानावर खुलासा छापावा, ही विनंती. यंदाची थंडी सुरू होण्यापूर्वी तो आला, तर अधिक बरे.

आपली,
एक वाचक, मिसिसागा (कॅनडा)