ओवा, गरम पिशवी आणि लग्न

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीतला 'त्या दिवसांतले दुखणे' हा लेख वाचला. ओव्याचे पाणी, गरम पाण्याची पिशवी, मन प्रसन्न ठेवा, सगळे छान. पण 'लग्न आणि पहिले बाळंतपण झाले की हा त्रास आपोआप थांबतो' हे कोणाला विचारून छापलेत? आमच्या वाडीतल्या म्हाताऱ्या हेच फुकटात सांगतात, 'लगीन झाला की सगळा बरा होतला.' त्यासाठी पेपर कशाला घ्यायचा?

माझी मुलगी बारावीच्या केमिस्ट्रीच्या पेपरातून पोट धरून बाहेर आली. नववीपासून दर महिन्याला इंजेक्शन चालूच होते. सोनोग्राफी दोनदा केली, दोन्ही वेळा नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, मुलगी नाजूक आहे. मीही म्हणाले, आमचेही दुखायचे, तशाच लावणीला जायचो. (लिहिताना लाज वाटते.)

शेवटी तिनेच कालनिर्णयच्या चौकटींत पेन्सिलीने लिहायला घेतले. कुठे दुखले, किती, शौचाला बसताना कळ आली का. सहा महिन्यांची पाने घेऊन आम्ही पहाटेच्या एसटीने कोल्हापूर गाठले. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट बाजूला ठेवून आधी ती पाने वाचली. मग दुर्बिणीतून बघितले तेव्हा कळले, एंडोमेट्रिओसिस. गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखा थर बाहेर, अंडाशयावर, आतड्यावर वाढतो, पाळीला सुजतो आणि पुढे अवयव एकमेकांना चिकटतात. बारीक ठिपके असले तर सोनोग्राफीत दिसतीलच असे नाही. 'नॉर्मल' रिपोर्ट हातात घेऊन पोरीला नाटकी ठरवणाऱ्यांत मीही होते. निदानाला आठ वर्षे गेली.

बाळंतपणाने हा आजार जात नाही. गरोदरपणी पाळी नसते म्हणून काहींना तेवढ्यापुरता आराम पडतो, इतकेच. उलट कित्येकींना याच्यामुळेच दिवस राहत नाहीत. औषध म्हणून लग्न लावून दिलेल्या अशा पोरीचे सासरी काय होते, त्यावर आपल्या लेखकांनी पुढचा लेख लिहावा. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, पाळी येण्याच्या वयातल्या सुमारे 10 टक्के बायकांना हा आजार असतो. आमच्या गावात मात्र त्याचे नाव कोणी ऐकलेले नव्हते.

मुलगी आता रोज हार्मोनची गोळी घेते. दुखणे कमी आहे, गेलेले नाही, आणि ऑपरेशननंतरही ते उलटू शकते हे बाईंनी आधीच सांगितले होते. गरम पिशवी आमच्याकडेही आहे. ओव्यावर माझा राग नाही.

त्याच लेखाखाली 'स्त्रियांचे सर्व विकार मुळापासून बरे, गॅरंटीसह' अशी जाहिरात होती. योगायोग असावा.

  

आपली वाचक,
ता. देवगड, जि. सिंधुदुर्ग
(नाव छापू नये. मुलीचे स्थळ बघणे चालू आहे.)