यंत्र देताय? मग प्रोब आणि चावीही द्या

महोदय,

पावसाळ्याच्या तोंडावर अंबड-सातपूरचे कारखाने आणि शहरातले क्लब पेठ, सुरगाणा भागातल्या मिशन दवाखान्यांना यंत्रे भेट देतात. भावना चांगली, यंत्रेही चांगल्या प्रतीची. पण अशा दवाखान्यात जो डॉक्टर बाळंतपण करतो तोच भूल देतो आणि वेळ पडली तर फ्यूजही बदलतो. यंत्र दुरुस्त करणारा माणूस घाट चढून यावा लागतो. म्हणून पुष्कळदा ही भेट वर्षभरात कपाटामागे जाते. का, ते देणाऱ्यांना कळावे यासाठी हे पत्र.

ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरच घ्या. तो खोलीतली हवा ओढतो, आतल्या झिओलाइटच्या दाण्यांत नायट्रोजन अडकवतो आणि नव्वद टक्क्यांहून अधिक ऑक्सिजन असलेली हवा बाहेर सोडतो. ओलावा हा या दाण्यांचा वैरी. घाटमाथ्यावर आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही, तेव्हा प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून 'जपून ठेवलेले' यंत्रच आधी बिघडते. रुग्ण नसला तरी ते अधूनमधून अर्धा तास चालवावे लागते. ते भिंतीपासून हातभर लांब हवे. मागची जाळी दर आठवड्याला धुवायची आणि पूर्ण वाळल्यावरच बसवायची. ऑक्सिजन ओलसर करणाऱ्या पाण्याच्या बाटलीचे झाकण तिरके बसले की मीटरवर ५ लिटर दिसतात आणि नळीतून काहीच येत नाही. अशा वेळी नळीचे टोक पेलाभर पाण्यात धरून बुडबुडे बघायचे. पण बुडबुडे फक्त प्रवाह सांगतात. दाणे मेले तरी ते तसेच येत राहतात, आणि रुग्णाच्या नाकात साधी हवा जाते. शुद्धता मोजायला छोटा ॲनालायझर लागतो. तो भेटीत सहसा नसतो. स्टॅबिलायझरही नसतो. व्होल्टेज १७० पर्यंत उतरले की कॉम्प्रेसर धड सुरू होत नाही, तापतो आणि शेवटी जळतो.

वीज गेली की भिस्त सिलिंडरवर. 'बी' सिलिंडरमध्ये साधारण १५०० लिटर ऑक्सिजन मावतो. मिनिटाला ५ लिटर दिला तर ५ तास, १० लिटर दिला तर अडीच. पाड्यावरचा रुग्ण पावसात नाशिकच्या सिव्हिलला न्यायचा तर हा हिशेब निघण्यापूर्वीच करावा लागतो. सिलिंडर भरलेला असतो, त्याची चावी मात्र ऐन वेळी सापडत नाही. ती साखळीने मानेलाच बांधलेली बरी. जोडीला दोन जादा वॉशर हवेत. आणि रेग्युलेटर घट्ट फिरतो म्हणून त्याला तेल किंवा ग्रीस कुणी लावू नये. दाबाखालच्या ऑक्सिजनमध्ये तेल पेट घेते.

रुग्णाची नाडी आणि रक्तातला ऑक्सिजन दाखवणाऱ्या मॉनिटरचे दुखणे लहान आहे. बोटाला लावायच्या प्रोबची वायर मुळाशी तुटते आणि एका कंपनीचा प्रोब दुसरीच्या मॉनिटरला बहुधा चालत नाही. मॉनिटरबरोबर दोन प्रोब द्या, एवढेच.

आता सगळ्यात स्वस्त वस्तू: काचेची टेस्ट ट्यूब. भातलावणीच्या दिवसांत तिच्याइतके उपयोगी दुसरे काही नाही. सर्पदंशाच्या रुग्णाच्या शिरेतले २ मिली रक्त नव्या, कोरड्या काचेच्या नळीत घ्यायचे आणि २० मिनिटे नळीला हात लावायचा नाही. मग एकदाच तिरकी करायची. रक्त न गोठता वाहिले, तर विष घोणस किंवा फुरशाचे धरायचे. नळी प्लॅस्टिकची असेल तर परीक्षा फसते, कारण गोठण्याची सुरुवात काचेच्या स्पर्शाने होते. साबणाने धुतलेली नळीही फसवते. निरोगी माणसाचे रक्तसुद्धा तीत पातळ राहू शकते. म्हणून दर वेळी नवी नळी. प्रतिविषाच्या सुरुवातीला ८ ते १० कुप्या लागतात, मुलालाही तेवढ्याच. कुपी हलक्या हाताने गोल फिरवायची. जोरात हलवली की फेस होतो आणि औषध वाया जाते. तासाभरात सलाइनमधून द्यायचे, पण त्याआधी ॲड्रिनलिन सिरिंजमध्ये भरून उशाशी ठेवायचे. प्रतिविषाची रिॲक्शन आली तर मोठ्या माणसाला अर्धा मिलिग्रॅम, मांडीच्या स्नायूत. सहा तासांनी पुन्हा नळी.

मण्यार चावली तर ही नळी काहीच सांगत नाही. रक्त व्यवस्थित गोठते, इकडे पापण्या जड होतात आणि नंतर श्वास थांबतो. तिथे अँब्यू बॅग, म्हणजे हाताने दाबून छातीत हवा भरायची पिशवी, लागते. पाच-सहा सेकंदांनी एकदा दाबायची, तीही कित्येक तास. नातेवाइकांना पाळ्या लावून शिकवावे लागते. धुतल्यावर व्हॉल्व उलटा बसला तर हवा छातीत जातच नाही. म्हणून जोडली की बॅगेच्या तोंडावर तळहात ठेवून दाबून बघायची.

तेव्हा पुढच्या वेळी एक कॉन्सन्ट्रेटर कमी दिला तरी चालेल. त्या पैशात स्टॅबिलायझर, ॲनालायझर, प्रोब, लहान-मोठ्या मास्कसह दोन अँब्यू बॅग आणि काचेच्या नळ्यांचा खोका येईल. वर्षातून दोनदा, एकदा मे महिन्यात आणि एकदा दिवाळीनंतर, कंपनीच्या मेंटेनन्स विभागातला एखादा फिटर पाठवलात तर फारच उत्तम. आणि देणगीदाराच्या नावाचे स्टिकर जरूर लावा. फक्त मागच्या जाळीवर नको, यंत्र तिथूनच हवा घेते.

— ग्रामीण मिशन रुग्णालयांत काम करणारे काही डॉक्टर व तंत्रज्ञ, नाशिक