संग्रहातील चित्र संग्रहात कसे आले, तेही सांगा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात (एनजीएमए) २०२४ च्या सुरुवातीला एअर इंडियाच्या कलासंग्रहातील निवडक कलाकृतींचे प्रदर्शन भरले होते. विमान कंपनी जानेवारी २०२२ मध्ये टाटा समूहाकडे गेली, पण तिने अनेक दशकांत जमवलेली चित्रे, शिल्पे आणि वस्त्रे सरकारकडेच राहिली आणि २०२३ मध्ये ती या संग्रहालयाकडे सोपवण्याचे ठरले. चार हजारांहून अधिक कलाकृतींचा हा ठेवा आता सार्वजनिक मालमत्ता आहे. यापुढे त्यातून जी प्रदर्शने होतील, त्यांच्यासंबंधी एक मागणी आपल्या वृत्तपत्रातून मांडावीशी वाटते. प्रत्येक कलाकृतीशेजारच्या पाटीवर चित्रकाराचे नाव, माध्यम आणि वर्ष यांच्याबरोबरच ती कलाकृती संग्रहात कधी, कोणाकडून आणि कशाच्या मोबदल्यात आली हेही छापले जावे, आणि ते मराठीतूनही छापले जावे.

ही मागणी एखाद्याला किरकोळ वाटेल. परंतु या संग्रहाच्या बाबतीत चित्र कसे आले ही हकिगत वगळली, तर त्याचे निम्मे मोल हरवते. गेल्या शतकाच्या पन्नाशीच्या दशकात एअर इंडियाने परदेशातील आपली बुकिंग ऑफिसे सजवण्यासाठी चित्रे घ्यायला सुरुवात केली, तेव्हा भारतीय आधुनिक चित्रांना बाजार असा फारसा नव्हताच. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून नुकत्याच बाहेर पडलेल्या बी. प्रभा यांची चित्रे या संग्रहातील अगदी सुरुवातीच्या खरेदीपैकी होती. नागपूरजवळच्या खेड्यातून मुंबईत आलेल्या या तरुण चित्रकर्तीला त्या काळात विमान कंपनीसारखे गिऱ्हाईक मिळणे म्हणजे काय असेल, याची कल्पना कलाशिक्षण घेतलेल्या कोणालाही करता येईल. त्यांच्या कोळिणी आपण आज सहज ओळखतो: उंच, सडपातळ, लांब मानेच्या, डोळे खाली झुकलेले, आणि मागे एकाच रंगाचा सपाट पसरलेला पट. हे चित्र संग्रहालयाच्या पांढऱ्या भिंतीवर पाहणे वेगळे आणि मुंबईची ही कोळीण कधीकाळी परदेशातल्या तिकीट खिडकीमागे आपल्या देशाची ओळख म्हणून लावण्यासाठी घेतली गेली, हे ठाऊक असताना पाहणे वेगळे. दुसऱ्या पाहण्यात चित्रकाराबरोबर विकत घेणाराही दिसतो, आणि नव्या स्वतंत्र देशाला जगापुढे कसे दिसायचे होते तेही दिसते.

मोबदल्याची गोष्ट तर त्याहून बोलकी आहे. रोख रकमेऐवजी विमानाची तिकिटे घेऊन चित्रे दिलेले चित्रकार या संग्रहात आहेत. परदेशातील संग्रहालये प्रत्यक्ष पाहण्याची ऐपत नसलेल्या चित्रकाराला असे तिकीट पैशांहून मोलाचे वाटले असेल, तर त्यात नवल नाही. त्या प्रवासानंतर त्याच्या रंगांत आणि रेषेत काय बदलले, हा अभ्यासाचा विषय आहे. पण कोणते चित्र तिकिटाच्या बदल्यात आले हे पाटीवर असेल, तरच कोणाला तो सुचेल. स्पॅनिश चित्रकार साल्वादोर दाली यांनी १९६७ मध्ये एअर इंडियासाठी घडवलेली चिनी मातीची रक्षापात्रे (अ‍ॅशट्रे) प्रसिद्धच आहेत. हे पात्र थोडा वेळ जवळून पाहावे असे आहे. मधला भाग शिंपल्यासारखा, काठाने वेटोळे घातलेला साप, आणि खाली आधाराला हंस व हत्ती. पात्र उलटे धरले की हंसाची मान हत्तीची सोंड होते आणि हत्तीचा हंस होतो. या कामाचा मोबदला म्हणून दाली यांनी हत्तीचे पिल्लू मागितले आणि कंपनीने ते खरोखरच विमानाने पाठवले. एवढी हकिगत चार ओळींत मराठीत लिहून शेजारी लावली, तर शाळेतले मूल त्या काचपेटीपुढून हलणार नाही. मी आयुष्यभर शाळेत चित्रकला शिकवली असल्यामुळे हे खात्रीने सांगू शकते. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांना बसणारी हजारो मुले आपल्या राज्यात आहेत, आणि त्यांतली फार थोडी इंग्रजी पाटी वाचून चित्रापाशी थांबतात.

या मागणीला दुसरे आणि अधिक गंभीर कारणही आहे. जतीन दास यांचे, एअर इंडियाच्या संग्रहातले एक चित्र बाहेर बाजारात फिरत असल्याचे २०१७ मध्ये उघडकीस आले, आणि ते लक्षात आले खुद्द चित्रकाराच्या. कचेऱ्यांच्या भिंतींवर विखुरलेल्या, बदलत्या अधिकाऱ्यांच्या हाताखाली राहिलेल्या संग्रहाची पक्की नोंदवही लोकांसमोर नसली, की असे होऊ शकते. म्हणून पाटीबरोबर संपूर्ण संग्रहाची छायाचित्रांसह यादी सर्वांना पाहता येईल अशी प्रसिद्ध करावी. जी कलाकृती लोकांच्या नजरेत आहे, ती गुपचूप नाहीशी करणे अवघड जाते.

हे लिहिताना फेब्रुवारी २०१९ मधला प्रसंग टाळून पुढे जाता येत नाही. याच संग्रहालयात चित्रकार प्रभाकर बरवे यांच्या प्रदर्शनाच्या उद्घाटनाला अमोल पालेकर बोलत असताना त्यांना वारंवार अडवण्यात आले. स्थानिक कलावंतांची सल्लागार समिती राहिली नाही आणि बहुतेक दालने यापुढे संग्रहालयाच्याच संग्रहासाठी राखली जाणार, चित्रकारांच्या सिंहावलोकनी, म्हणजे आजवरच्या कामाचा आढावा घेणाऱ्या प्रदर्शनांना अगदी थोडी जागा उरणार, यावर ते बोलत होते. त्यांना बोलू द्यायला हवे होते, असे माझे तेव्हाही मत होते आणि आजही आहे. सुधीर पटवर्धन आणि मेहली गोभाई या चित्रकारांची प्रदर्शने पुढे तिथेच झाली, ही समाधानाची गोष्ट. मात्र त्या वादानंतर स्वतःच्या संग्रहातून भरवलेल्या प्रदर्शनाकडे पाहुण्या प्रदर्शनाची जागा अडवणारे दुय्यम काम म्हणून पाहिले जाऊ लागले, हे मला योग्य वाटत नाही. संग्रह दाखवणे हे संग्रहालयाचे पहिले कर्तव्य आहे. बरवे, गायतोंडे, आरा यांची चित्रे कोठारात बंद राहणार असतील, तर ती सरकारी पैशाने जपण्याला अर्थ काय? फक्त हे काम चित्रे काढून खिळ्याला टांगण्याइतके सोपे समजले जाऊ नये. त्याला संशोधन लागते, क्युरेटरला, म्हणजे प्रदर्शनाची निवड आणि मांडणी करणाऱ्याला, वेळ द्यावा लागतो आणि जुने पत्रव्यवहार, बिले व आवक-नोंदी चाळाव्या लागतात. जिथे असे संशोधन झाले आहे, तिथे दालने व्यापली म्हणून कोणी तक्रार करणार नाही.

रस्ता ओलांडला की छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आहे. जहांगीर निकल्सन या एका रसिकाने जमवलेल्या आधुनिक भारतीय चित्रांचा संग्रह तिथे आहे, आणि त्याच मर्यादित संग्रहातून वेगवेगळ्या विषयांची प्रदर्शने वर्षानुवर्षे होत आली आहेत. तीच चित्रे नव्या शेजाराने मांडली की नवी दिसतात, हे तिथे जाणाऱ्या कोणालाही कळते. एनजीएमएच्या हाती तर याहून कितीतरी मोठा ठेवा आहे, आणि तो मांडायला कावसजी जहांगीर हॉलसारखी इमारत आहे. १९११ साली सार्वजनिक सभागृह म्हणून उघडलेल्या या वास्तूचे संग्रहालयात रूपांतर व्हावे म्हणून मुंबईच्या कलावंतांनी आणि कलाप्रेमींनी किती चिकाटीने पाठपुरावा केला होता! १९९६ मध्ये ते दार उघडले, तेव्हा आपल्या शहराला आधुनिक कलेचे कायमचे घर मिळाले अशी आमची भावना होती.

संस्कृती मंत्रालयाने आणि संग्रहालयाच्या संचालकांनी एअर इंडिया संग्रहासाठी मुंबईत एक मजला कायमचा राखून ठेवावा आणि तिथली मांडणी ठरावीक काळाने बदलत राहावी, अशी माझी विनंती आहे. हा संग्रह याच शहरात उभा राहिला, त्यातले कितीतरी चित्रकार जे. जे.च्या आवारात शिकले. तो दिल्लीच्या कोठारात जाऊन पडला, तर ज्यांनी तो सर्वांत आधी पाहायला हवा ते विद्यार्थीच त्याला मुकतील. पाट्यांचा मराठी मजकूर लिहायला राज्यातल्या कला महाविद्यालयांतील अध्यापकांची मदत मागितली, तर ती आनंदाने मिळेल आणि त्यासाठी मोठा खर्चही येणार नाही. याची सुरुवात पुढच्याच प्रदर्शनापासून व्हावी.

आपली नम्र,
एक निवृत्त चित्रकला शिक्षिका, ठाणे