सुगडाला घासाघीस, मगचं कौतुक

संपादक साहेब, स.न.

रविवारच्या पुरवणीतला पुराणकथांवरून हाताने घडवलेल्या सिरॅमिक भांड्यांवरचा लेख वाचला, फोटो मस्तच, नागाच्या फण्याचं हँडल, मेडुसाच्या (ग्रीक कथेतली ती केसांच्या जागी साप असलेली बाई) तोंडाचे बाउल वगैरे. असा एक नागाचा मग मीपण घेतलाय हो, प्रदर्शनात, बाराशेला. दिसतो झकास, पण चहा भरला की फणा नेमका बोटाच्या पेरात रुततो आणि खवल्यांत साय अडकते ती टूथब्रशनेच काढावी लागते. सध्या त्यात पेनं ठेवलीत.

ते असो, पण पुराणकथांची भांडी म्हणजे ग्रीस नाहीतर जपान असंच लेखात चाललंय, आणि संक्रांतीला आपण घरोघरी पाच सुगडं पूजतो त्यांच्याबद्दल एक ओळ नाही! सुगड म्हणजे मूळचं सुघट. हळदीकुंकवाची बोटं, गळ्यात दोरा, आत ओंब्या, हरभऱ्याचे घाटे, बोरं, उसाचे करवे. सण झाला की आई त्यातल्याच एकात दही लावायची, ती माती पाणी ओढून घेते ना, त्यामुळे दही इतकं घट्ट लागायचं की सुगड तिरपं केलं तरी हलायचं नाही. बाराशे डिग्रीला भाजलेल्या, झिलईच्या बाउलमध्ये ही गंमत नाही, तो पाणी पितच नाही.

आणि जुनंच हवं असेल तर शिरूरजवळ घोड नदीकाठी इनामगाव आहे की. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ तिथे उत्खनन केलं, तीन हजार वर्षांपूर्वीची तांबडी, काळ्या रेघांची, तोटीची, जोर्वे गावाच्या नावाने ओळखली जाणारी भांडी निघाली. तिथल्याच एका घरात एक झाकणाची मातीची डबी मिळाली, आत बिनडोक्याची देवी, सोबत बैल, सगळं कच्च्या मातीचं. बैलाच्या पाठीला भोक, देवीच्या पोटाला भोक, काडी घातली की बाई बैलावर स्वार! त्या तोटीच्या भांड्यावरून आजच्या स्टुडिओवाल्यांनी एखादी किटली करून बघावी, मी पहिली घेईन.

पुढच्या वेळी फोटोग्राफर डिसेंबरात कुंभारवाड्यात पाठवा, सुगडं वाळत घातलेली असतात. मगची किंमत मी मुकाट दिली, आणि मागच्या संक्रांतीला सुगडांसाठी मात्र पाच रुपये कमी करा म्हणून अडून बसलो. मावशी म्हणाल्या, "दही लावणार असाल तर करते कमी."

आपला,
एक वाचक, पुणे