पडद्यावरचा योगवर्ग

महोदय,

11 मार्च 2020 रोजी जागतिक आरोग्य संघटनेने कोविडची महासाथ जाहीर केल्यानंतर जगभरातील अनेक छोट्या योगवर्गांना दारे बंद करून झूमसारख्या माध्यमांचा आधार घ्यावा लागला. शिकवणे तेच राहते, फक्त पडद्यावरून होते, हा तेव्हा रूढ झालेला समज मला योगशिक्षिका म्हणून मान्य नाही. वर्गात वीरभद्रासन करताना एखाद्याचा पुढचा गुडघा आत झुकला, तर तो शिक्षकाच्या लगेच लक्षात येतो. पडद्यावर मात्र कॅमेरा समोर ठेवला तर पाठीचा बाक दिसत नाही आणि बाजूला ठेवला तर गुडघ्याची दिशा कळत नाही. म्हणूनच स्वतः आसने करून दाखवण्यापेक्षा साधकांकडे पाहत नेमक्या शब्दांत सूचना देणे आणि शीर्षासनासारखी जोखमीची आसने नवख्यांना न देणे, ही पथ्ये अपरिहार्य ठरतात. ओंकाराचा दीर्घ स्वर गोंगाट समजून यंत्रणेने दाबून टाकावा आणि मोफत सभेची 40 मिनिटांची मुदत ऐन शवासनात संपावी, या गैरसोयी त्यामानाने किरकोळच!

तरीही घराबाहेर पडू न शकणारे वृद्ध आणि तान्ह्या बाळांच्या माता यांना या सोयीमुळेच सराव करता आला, हे नाकारता येणार नाही. त्यामुळे प्रत्यक्ष वर्ग सुरू झाले तरी ऑनलाइन वर्ग चालू ठेवावेत. मात्र प्रत्येक साधक शिक्षकाला स्पष्ट दिसेल, इतकीच त्यांची संख्या असावी.

– एक योगशिक्षिका