‘ताबा सुटल्याने’ हे तुम्हाला कोणी सांगितलं?

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

शुक्रवारी, २१ नोव्हेंबर २०२५ ला, दुबईच्या एअर शोमध्ये आपलं तेजस लढाऊ विमान पडलं आणि शनिवारी सकाळी तुमच्या पेपरात पहिल्याच पानावर चौकट, ‘वैमानिकाचा अंदाज चुकला?’ पुढे प्रश्नचिन्ह टाकलं की आपण सुटलो असं तुमच्या डेस्कवर कोणाला वाटत असेल, पण आमच्या चौकात चहाच्या टपरीवर प्रश्नचिन्ह कोणी वाचत नाही, तिथे दुपारपर्यंत ‘पायलटचीच चूक, पेपरात आलंय ना’ एवढंच उरलं होतं. त्यात गेलेले वैमानिक विंग कमांडर नमांश स्याल अजून घरी पोचायचे होते हो. हवाई दलाने त्या दिवशी कारणाबद्दल इतकंच सांगितलं की ते शोधायला कोर्ट ऑफ इन्क्वायरी, म्हणजे फौजेची चौकशी, नेमतोय. तिकडे चौकशीची माणसं ठरायची होती आणि तुम्ही इकडे जळगाव-धुळ्यात निकाल छापून मोकळे.

मी विमानातला माणूस नाही हे आधीच सांगतो. फौजेत २१ वर्षं गाड्यांचा मेकॅनिक होतो, हवालदार म्हणून बाहेर पडलो. पण कोर्ट ऑफ इन्क्वायरीसमोर साक्षीदार म्हणून उभा राहिलोय आणि ती कशी सुरू होते आणि सुरू व्हायच्या आधीच तिची कशी वाट लागते ते डोळ्यांनी बघितलंय, म्हणून रविवारची झोप सोडून हे लिहितोय.

१९९४ चा पावसाळा. डोंगरातलं ठिकाण, युनिटचं नाव लिहीत नाही. आमच्याकडे एक ड्रायव्हर होता, आपल्या पारोळ्याकडचा, आम्ही दोघं आपसात अहिराणीच बोलायचो. अपघाताच्या दोन दिवस आधी फर्स्ट परेडला, म्हणजे सकाळी गाड्या तपासताना, मला म्हणाला, “भाऊ, ब्रेक नरम लागी राह्यना, पायडल खाल जास.” मी ब्रेकमधली हवा काढली, दोनदा दाबून बघितलं, बरं वाटलं, म्हटलं परत तसं झालं तर आण. हे मी कुठेच लिहिलं नाही. त्याच्या कार डायरीत, म्हणजे गाडीच्या नोंदवहीत नाही, आमच्या वर्कशॉपच्या रजिस्टरला नाही. घाई होती, पाऊस होता, आणि असं रोजचंच काम होतं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी रेशन घेऊन येताना गाडी एका वळणावरून खाली गेली आणि झाडाला अडकली. सोबतचा जवान वाचला, हा गेला.

आता पुढचं ऐका. दुसऱ्या दिवशी सकाळी मोठे साहेब त्याच रस्त्याने येणार होते. त्यांना गाडी दिसायला नको म्हणून ती वर ओढायला रात्रीच रिकव्हरी लावली. मी स्वतः तिथे टॉर्च धरून उभा होतो. पुढच्या अ‍ॅक्सलला साखळी बांधली, ओढायची म्हणून गिअर न्यूट्रल केला, हँडब्रेक सोडला, आणि वर काढली. एक फोटो नाही, टेपने एक माप नाही. टायरच्या खुणा रात्रीच्या पावसात गेल्या. गाडी आणून एमटी लाईनच्या, म्हणजे गाड्या लावायच्या जागेच्या, मागे उघड्यावर टाकली, वर ताडपत्रीसुद्धा नाही.

चौथ्या दिवशी कोर्ट बसलं. प्रिसायडिंग ऑफिसर, म्हणजे चौकशीचे प्रमुख, बाहेरच्या युनिटचे मेजर साहेब होते, शांत आणि चांगला माणूस. पहिलाच प्रश्न, फोटो कुठेत. नव्हते. गाडी कुठल्या गिअरमध्ये होती. सांगता येत नाही, आम्हीच न्यूट्रल केली. हँडब्रेक ओढलेला होता का. आम्हीच सोडला. मग माझ्याकडे वळले, कारण ब्रेकचा पाईप तुटलेला होता आणि सगळं तिथेच येऊन थांबत होतं, की पाईप आधी तुटला म्हणून गाडी गेली, की गाडी गेली म्हणून पाईप तुटला. संपादक साहेब, हे ओळखता येतं. जुनी चीर असली तर तुटलेल्या तोंडावर तेवढ्या भागात गंज आणि तेलाचा काळा डाग बसलेला असतो, आणि ताजं मोडलेलं असेल तर धातू चमकतो. त्याच रात्री मी फडक्याने पुसून टॉर्च मारला असता तर पाच मिनिटांत सांगितलं असतं. पण चार दिवस पावसात पडून दोन्ही तोंडं सारखीच तांबडी झाली होती, आणि वर साखळी नेमकी तिथेच बांधलेली, म्हणजे पाईप ओढताना तुटला असंही कोणी म्हणू शकत होतं. मी म्हटलं, साहेब, आता सांगता येणार नाही. तो माझ्याकडे आलेला, ब्रेक नरम आहे म्हणाला होता, हेही सांगितलं. त्यांनी विचारलं, लिहून कुठे आहे? या प्रश्नाला आजही माझ्याकडे उत्तर नाही.

पुढे कळलं की ठपका ड्रायव्हरवर गेला. ताबा सुटला. घरच्यांना पैसे मिळाले, पेन्शन लागली, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. सुट्टीवर आलो तेव्हा त्याच्या घरी गेलो. त्याच्या बापाने ट्रंकेतून एका पेपरातलं कात्रण काढलं, तीन ओळींचं, ‘चालकाचा ताबा सुटल्याने’ असं त्यात होतं. कात्रणावरची तारीख अपघाताच्या दुसऱ्या दिवसाची. म्हणजे मेजर साहेब येऊन बसायच्या तीन दिवस आधी इथे खान्देशात ठरून गेलेलं होतं. म्हातारा मला विचारतो, “मना पोऱ्यानी चूक व्हती का भाऊ?” मी चहा तसाच ठेवून उठलो.

म्हणून ‘ताबा सुटला’ हे दोन शब्द छापलेले दिसले की मला राहवत नाही. एसटी असो, ट्रक असो, विमान असो, तुमच्याकडे रोज कोणाचा तरी ताबा सुटतो. कोणी बघितलं? पंचनामा व्हायच्या आत ड्रायव्हरचं नाव गावासकट छापता आणि पुढे टायर फुटलं होतं किंवा रॉड तुटला होता असं निघालं तर ते कुठल्या पानावर येतं ते आम्ही शोधत बसायचं.

फौजेची चौकशी म्हणजे चार अधिकारी खोलीत बसून शिक्का मारतात असा लोकांचा समज आहे, तो तुम्ही दूर करू शकता पण करत नाही. विमान पडलं की पहिलं काम जिवंत कोण आहे ते बघायचं, दुसरं आग आणि दारूगोळा, कारण पायलटला विमानाबाहेर फेकणाऱ्या इजेक्शन सीटमध्येसुद्धा स्फोटकं असतात आणि न उडालेली सीट जवळ जाणाऱ्याला मारू शकते. मग पहारा. कुठलाही तुकडा उचलायच्या आधी फोटो आणि नकाशा. नाक, शेपूट आणि दोन्ही पंखांची टोकं ही चार कुठे पडलीत ते आधी शोधतात, चारही एका जागी सापडली तर विमान अखंड जमिनीवर आलं, एखादं टोक लांब मागे पडलेलं असेल तर हवेतच काही तुटलं असेल. आणि तिकडे बेसवर त्याच वेळी कागदांना सील. विमानाच्या देखभालीच्या नोंदींचा फॉर्म ७००, ज्या टँकरमधून तेल भरलं त्याचं सॅम्पल, टॉवरवरच्या बोलण्याचं रेकॉर्डिंग, हवामानाची नोंद, पायलटचे मेडिकलचे कागद. हे सगळं पहिल्या काही तासांत, म्हणजे कोर्ट बसायच्याही आधी, युनिटच्या माणसांनी करायचं असतं. ते नीट झालं तर चौकशीला हातात काहीतरी मिळतं. नाही झालं तर आमच्या मेजर साहेबांसारखं होतं, माणूस कितीही चांगला असो.

आर्मी रूल्स १९५४ मध्ये नियम १८० आहे. चौकशीत एखाद्याच्या चारित्र्यावर किंवा फौजेतल्या नावलौकिकावर येत असेल तर त्याला पूर्ण वेळ हजर राहण्याची, आपलं म्हणणं मांडण्याची, साक्षीदारांना उलट प्रश्न विचारण्याची संधी द्यावी लागते. मेलेला माणूस कसा हजर राहणार? त्याच्या बाजूने बोलायला मागे फक्त तुटलेला पाईप असतो, काळे पडलेले तुकडे असतात, एखादी नोंद असते. म्हणून त्या वस्तू जपायच्या, आणि म्हणूनच तोवर बाकीच्यांनी तोंड बंद ठेवायचं.

कुन्नूरचं आठवा. ८ डिसेंबर २०२१ ला जनरल बिपिन रावत यांचं एमआय-१७ हेलिकॉप्टर पडलं, उड्डाणाचे रेकॉर्डर दुसऱ्याच दिवशी मिळाले, तरी तिन्ही दलांच्या चौकशीचा प्राथमिक निष्कर्ष बाहेर यायला १४ जानेवारी उजाडला. दरीत अचानक हवामान बदललं, हेलिकॉप्टर ढगात शिरलं, पायलटचं दिशेचं भान गेलं असं त्यात आलं, आणि घातपात, यांत्रिक बिघाड, निष्काळजीपणा ही तिन्ही कारणं नाकारली. मधल्या महिन्यात आपल्याकडे काय काय छापून आणि बोलून झालं होतं! हवाई दलाला मृतांच्या सन्मानासाठी तर्क करू नका अशी विनंती करावी लागली होती. तेजसचंच बघा, अपघाताच्या आधी दोन दिवस विमानातून तेल गळतंय म्हणून व्हिडिओ फिरत होता, सरकारला सांगावं लागलं की ते आत साठलेलं पाणी मुद्दाम काढतात, तेल नाही. अफवेने काय होतं हे आपल्या जिल्ह्याला सांगायची गरज नाही, २०२५ च्या २२ जानेवारीला परधाडेजवळ आग लागल्याच्या अफवेने पुष्पक एक्स्प्रेसमधून लोक रुळांवर उतरले आणि समोरून कर्नाटक एक्स्प्रेस आली.

आणि आपल्या लोकांचं चांगलंही सांगतो. २०२१ च्या जुलैत चोपडा तालुक्यात वर्डीजवळ सातपुड्यात प्रशिक्षणाचं विमान पडलं, ते फौजेचं नव्हतं, पण वाड्यावस्त्यांवरचे आदिवासी बांधव सगळ्यात आधी धावले, एका बाईने स्वतःची साडी झोळी करायला दिली आणि जखमी मुलीला डोंगरातून खाली आणलं. जीव वाचवायला काहीही हलवा, कापा, ओढा, त्याला कोणतीच चौकशी नाही म्हणत नाही. पण त्यानंतर सेल्फीसाठी वर चढू नका, तुकडा घरी नेऊ नका. ही चार वाक्यं तुम्ही त्या चौकटीच्या जागी छापली असती तर उपयोग झाला असता.

अजून एक, पत्र लिहायला बसलोच आहे म्हणून. ७ डिसेंबरला सशस्त्र सेना ध्वजदिन येतोय. गेल्या वर्षी निधी संकलनाच्या बातमीत मंचावरच्या सगळ्यांची नावं हुद्द्यासकट बरोबर होती, आणि ज्या वीरपत्नीचा सत्कार झाला तिच्या नवऱ्याचं नाव चुकलं. मी दोनदा फोन केला, दुरुस्ती छापतो म्हणाले, अजून छापलेली नाही. या वर्षी निदान नावं तिलाच विचारून घ्या.

शनिवारच्या चौकटीबद्दलही दोन ओळींचा खुलासा पहिल्या पानावरच द्यावा, चौकशी सुरू आहे आणि कारण अजून ठरलेलं नाही एवढाच. आतल्या पानावर दिला तर टपरीवरचं कोणी वाचणार नाही.

आपला,
एक माजी हवालदार (व्हेइकल मेकॅनिक),
ता. अमळनेर, जि. जळगाव