‘अनीझी’ डोक्याने ऐकायचा अल्बम नव्हे

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

पियानोवादक विजय अय्यर यांच्या ‘अनीझी’ (म्हणजे ‘अस्वस्थ’) या अल्बमवर आपल्या रविवार पुरवणीत आलेला लेख मी आस्थेने वाचला. जॅझच्या अल्बमला दैनिकात एवढी जागा क्वचितच मिळते, म्हणून आधी आपले आभार. मात्र येल विद्यापीठातील अय्यर यांच्या गणित आणि भौतिकशास्त्राच्या शिक्षणापासून सुरुवात करून लेखकाने हा सारा अल्बमच बुद्धीची कसोटी पाहणारा, आकडेमोडीचा ठरवला आहे, ते मला मुळीच पटले नाही.

अय्यर यांच्या शिक्षणाचा दाखला द्यायचाच, तर तो पुरता द्यावा. कॅलिफोर्निया विद्यापीठात, बर्कली येथे 1998 साली पूर्ण केलेल्या पीएच.डी.च्या प्रबंधात त्यांनी मांडले ते असे की, लय आपल्याला कळते ती शरीरामुळे, म्हणजे श्वास, चाल, हातांच्या हालचाली यांच्यामुळे. आणि यासाठी त्यांनी पश्चिम आफ्रिकी व आफ्रिकी-अमेरिकी संगीताचा आधार घेतला. लहानपणी पंधरा वर्षे ते रीतसर व्हायोलिन शिकले. पियानो मात्र त्यांनी बहुतांशी ऐकून ऐकूनच आत्मसात केला. अशा वादकाच्या मात्रा मोजत बसलो, तर ऐकायचे तेच निसटते.

या अल्बममधील ‘ड्रमर्स साँग’ ही रचना जेरी अ‍ॅलन यांची. 2017 साली निधन पावलेल्या या थोर पियानोवादिकेने आपल्या रचनेला ड्रमवादकाचे गाणे म्हटले, यातच बरेच काही आले. अय्यर येथे पियानोकडून तालवाद्याचे काम घेतात. छोट्या आकृती पुन्हा पुन्हा येतात, एकमेकींत गुंततात, आणि टायशॉन सोरी यांचे ड्रम्स त्या गुंत्याला खालून ढकलत राहतात. पहिल्यांदा ऐकताना मीही सम शोधत राहिलो आणि चुकलो. चौथ्या-पाचव्या वेळी शोधणे सोडले, तेव्हा पाऊल आपोआप पडू लागले. लिंडा मे हान ओ यांचा डबल बास तर मला या अल्बमचा कणाच वाटतो. पियानो दूर भटकून परत येतो, तेव्हा जमीन कुठे आहे हे त्या बासवरूनच कळते. लेखात त्यांच्याविषयी एक अक्षरही नाही, याचे मला फार वाईट वाटले.

आणखी एक दुरुस्ती आवश्यक आहे. अल्बमच्या नावातील अस्वस्थता ही महासाथीच्या काळाची, असे लेखात म्हटले आहे. अल्बम ईसीएम या ध्वनिमुद्रण कंपनीने एप्रिल 2021 मध्ये प्रकाशित केला हे खरे, पण त्याचे ध्वनिमुद्रण न्यूयॉर्क राज्यातील माउंट व्हर्नन येथे डिसेंबर 2019 मध्येच झाले होते. शीर्षक-रचना तर त्याहून जुनी, 2011 सालच्या एका नृत्यप्रयोगासाठी केलेली. या अस्वस्थतेची कारणे वेगळी आहेत आणि ती रचनांच्या नावांतच सापडतात. ‘चिल्ड्रन ऑफ फ्लिंट’मधील फ्लिंट हे मिशिगन राज्यातील शहर. तेथे 2014 साली पाण्याचा स्रोत बदलताना जलवाहिन्या गंजू नयेत यासाठीची प्रक्रिया केली गेली नाही, शिसे पाण्यात उतरले आणि ते पाणी मुलांच्या पोटात गेले. ‘कॉम्बॅट ब्रीदिंग’ ही रचना त्याच वर्षीची, कृष्णवर्णीयांच्या जिवाचे मोल मागणाऱ्या आंदोलनाच्या पाठिंब्यासाठी केलेली. तिच्या नावातही श्वासच आहे. हे सारे ठाऊक नसले तरी संगीत पोचते. पण परीक्षकाने ते गाळून गणित तेवढे ठेवावे, हे अन्यायाचे आहे.

‘ऑगरी’ या रचनेत अय्यर एकटेच वाजवतात. तिथे मला कोणतेही सूत्र ऐकू आले नाही. ऐकू आला तो एक माणूस, पुढचा स्वर ठरवण्याआधी आधीचा विरताना ऐकणारा.

जॅझच्या अल्बमवर यापुढे लेख छापताना मुखपृष्ठासोबत वादकांची संपूर्ण नामावली द्यावी, एवढी विनंती. या अल्बमसाठी ती तीनच नावांची आहे: विजय अय्यर (पियानो), लिंडा मे हान ओ (डबल बास) आणि टायशॉन सोरी (ड्रम्स).

आपला नम्र,
एक नियमित वाचक